अंथरूण पाहून

चाळिशी उलटलेल्या माणसाने नवीन काय शिकावे, याविषयी आमच्या धाराशिवसारख्या गावात काही संकेत ठरून गेलेले आहेत. कोणी होमिओपॅथीची पुस्तके आणतो, कोणी पेटी शिकू लागतो, कोणी पहाटे उठून योगासनांना आरंभ करतो आणि आठव्या दिवशी पाठ धरली म्हणून सोडून देतो. यांपैकी काहीही केले तरी लोक समजून घेतात. पण मराठीच्या एका प्राध्यापकाने रोज रात्री जेवण झाल्यावर वही उघडून उझबेक भाषेतले वाक्प्रचार लिहीत बसावे, ही गोष्ट मात्र कुणाच्याच पचनी पडत नाही. ‘उझबेक? ती कुठे बोलतात हो?’ हा पहिला प्रश्न. ‘तिचा उपयोग काय?’ हा दुसरा. ‘तिच्यामुळे वेतनश्रेणीत काही फरक?’ हा तिसरा. पण तो फक्त सहकाऱ्यांकडून येतो.

तिसरा प्रश्न सोडून देऊ. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद, आणि ताश्कंद हे नाव आपल्याकडे निदान जुन्या माणसांना तरी नवे नाही. १० जानेवारी १९६६ रोजी तिथे भारत-पाकिस्तान करारावर सह्या झाल्या, संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण तिथे हजर होते, आणि त्याच रात्री, म्हणजे ११ तारखेच्या पहाटेपूर्वी, लालबहादूर शास्त्री तिथेच गेले. माझी आई तेव्हा शाळेत होती. तिच्या मनात ताश्कंद म्हणजे ‘जिथून शास्त्रीजी परत आले नाहीत ते गाव’ असेच कायमचे नोंदले गेले आहे. तेव्हा तिची नात त्याच देशात शिकायला निघाली, हे ऐकून तिने प्रथम हातातली जपमाळ खाली ठेवली, हे सांगायला नकोच.

ही नात म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. कळंब तालुक्यात मांजरेच्या काठाला त्यांचे गाव. दाजींची आठ एकर जमीन. खरिपाला सोयाबीन, रब्बीला ज्वारी, आणि पाऊस देईल तेवढा हरभरा. मुलगी हुशार. लातूरला राहून दोन वर्षे तिने डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला. गुण चांगले पडले. पण सरकारी जागेला थोडे कमी पडले. खाजगी कॉलेजातला आकडा दाजींनी एकदाच ऐकला आणि पुन्हा विचारला नाही. मग कोणीतरी समरकंदचे नाव काढले. आपल्याकडची कितीतरी मुले अशीच त्या देशात वैद्यक शिकायला जातात. दाजींनी दीड एकर विकले, उरलेल्यावर कर्ज काढले, आणि २०२२ साली ही मुलगी तैमूरलंगाच्या राजधानीत जाऊन दाखल झाली.

तिथले शिक्षण इंग्रजीत चालते. पुस्तके इंग्रजी, परीक्षा इंग्रजी. पण रोगी काही इंग्रजीत आजारी पडत नाहीत! रुग्णालयातल्या खाटेवरची बाई उझबेकमध्ये कण्हते. समरकंदात पुष्कळ घरांत ताजिक, म्हणजे फारसीचीच एक शाखा, बोलतात. तरी राज्यभाषा उझबेक. तेव्हा पोरीला भाषा शिकणे भाग पडले. ती शिकू लागली आणि रोज संध्याकाळी फोनवर आपल्या आजीला नि मला ऐकवू लागली. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्ध्या तासाने मागे. तिचे आठ वाजले की आमचे साडेआठ. असा माझा हा दूरचा वर्ग सुरू झाला. त्यात शिक्षिका एकवीस वर्षांची, मोठा विद्यार्थी मी, आणि माझ्यापेक्षा तल्लख विद्यार्थिनी म्हणजे माझी सत्तरी ओलांडलेली आई.

पहिला धडा नात्यांचा. इंग्रजीच्या राज्यात काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान हे सगळे एकाच ‘अंकल’च्या गोठ्यात बांधलेले असतात. उझबेक माणसाला हे मान्य नाही. बापाचा भाऊ तो ‘अमाकी’ आणि आईचा भाऊ तो ‘तॉगा’. आत्या निराळी, मावशी निराळी; मावशीला म्हणतात ‘खॉला’. त्या दिवसापासून मी घरात तॉगा झालो. पण ‘अका’ या शब्दाने आईची मोठी गंमत केली. आपल्याकडे अक्का म्हणजे थोरली बहीण. तिथे अका म्हणजे थोरला भाऊ! ‘म्हणजे बाजारात मिशीवाल्या माणसाला अका म्हणून हाक मारायची?’ आईने विचारले, आणि तोंडाला पदर लावून ती कितीतरी वेळ हसत होती.

दुसरा धडा व्याकरणाचा. त्यांच्या भाषेत लिंगभेद नाही. तो, ती, ते या तिघांना मिळून एकच सर्वनाम. टेबल ‘ते’ का आणि खुर्ची ‘ती’ का, या प्रश्नावर आयुष्यभर निरुत्तर होत आलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या बातमीने केवढा हेवा वाटला असेल! क्रियापद मात्र आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते, प्रत्ययही शब्दाला मागून चिकटतात. त्यामुळे मराठी माणसाला त्या भाषेत शिरताना उंबरा अडखळवत नाही. आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे, पण तिथली मुले आईलासुद्धा ‘तुम्ही’ म्हणतात. यावर आईचे मत पडले, ‘बापाला म्हणावं. आईला कुणी तुम्ही म्हटलं तर तिला पोटचं पोर पाहुणं वाटायला लागंल.’

हळूहळू असे ध्यानात आले की ही भाषा आपण शिकत नाही, तिच्यातला काही भाग तर आपल्या घरात भाडे न देता राहतो आहे. मुलांच्या पाठीवरचे दप्तर तिथे आहे, फक्त त्याचा अर्थ वही. आपला तमाशा तिथे ‘तॉमॉशा’. म्हणजे कोणतेही पाहण्यासारखे दृश्य. ही सगळी अरबी-फारसीची देणगी, दोन्ही घरांत वेगवेगळ्या वाटेने पोचलेली. पण काही शब्द अस्सल तुर्की कुळाचे आहेत. आपण ‘कैचीत सापडतो’, ती कैची तिथे कात्री म्हणून रोज कापड कापते. मांडवाची कनात आपण लावतो. तिथे ‘कनॉत’ म्हणजे पंख. आणि तोफ! उझबेकमध्ये ‘तोप’ म्हणजे तोफ आणि तोप म्हणजेच चेंडूही. आमच्या जिल्ह्याला हा शब्द शिकवायला कुणी पंतोजी लागला नाही. विजापूरला आज जी प्रचंड ‘मलिक-ए-मैदान’ तोफ लोक पाहायला जातात, ती एका तुर्क कारागिराने १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली ती आमच्या परंड्याच्या किल्ल्यावरून. बाबराने आपले आत्मचरित्र ज्या चगताई तुर्कीत लिहिले, ती तर आजच्या उझबेकची आजीच म्हणायची. तेव्हा समरकंद आपल्याला वाटते तितके लांब नाही.

पण शब्दांचे नाते हे दूरच्या सोयऱ्यांसारखे असते. लग्नात भेटले की ओळख निघते, एरवी नाही. खरी ओळख पटते ती वाक्प्रचारांत. मी वर्गात गेली वीस वर्षे ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न घालीत आलो आहे. मुले अर्थ पाठ करतात, वाक्ये बनवतात, चार गुण मिळवतात आणि त्यातला एकही वाक्प्रचार वर्गाबाहेर नेत नाहीत. उझबेकच्या वहीने मला हा धडा उलट बाजूने दाखवला. मी वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात उझबेक बोल, दुसऱ्यात त्याचा शब्दशः अर्थ, तिसऱ्यात मराठी जोडीदार. पहिला रकाना भाची भरी, दुसरा मी, आणि तिसरा बहुतेक वेळा आई. दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश कपाटातून काढीपर्यंत तिचे उत्तर आलेले असे.

‘बॉशी ऑस्मॉनगा येतदी.’ त्याचे डोके अस्मानाला पोचले. म्हणजे अतिशय आनंद झाला. आई म्हणाली, ‘आकाश ठेंगणं झालं की!’ पाहा, घटना एकच. उझबेक माणूस आनंदाने वाढतो आणि आकाशाला टेकतो. मराठी माणूस आहे तेवढाच राहतो, आकाशच खाली येते. ‘बॉश उस्तिगा’ म्हणजे डोक्यावर, अर्थात आपली आज्ञा शिरसावंद्य. ‘तिलनिंग सुयागी योक’, जिभेला हाड नाही. हे वाक्य ऐकल्यावर तर आईने वर पाहिलेच नाही. निवडत असलेल्या तांदळातला खडा बाजूला टाकीत ती म्हणाली, ‘ते तर आपलंच आहे.’ आणि ‘कोझ तेगमासिन’, डोळा न लागो. तिथल्या बाया दृष्ट लागू नये म्हणून इसिरिक नावाची वनस्पती जाळून तिचा धूर घरभर फिरवतात. आईने लगेच निरोप दिला, ‘धूर पुरे होत नसेल तर मीठ-मोहऱ्या मी इथून उतरते. अंतराचं काही नसतं त्याला.’

काही बोल मात्र असे निघाले की तिसरा रकाना रिकामाच राहिला. प्रवासाला निघालेल्या माणसाला तिथे म्हणतात ‘ऑक योल’, वाट पांढरी असो. ज्या बाईने स्वयंपाक केला तिला जेवून उठताना म्हणायचे, ‘कोलिंगिझ दर्द कोर्मासिन’, तुमच्या हातांना दुखणे न दिसो. आपण ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो. पण अन्नदाता म्हणजे यजमान. चुलीपुढे बसलेल्या हातांचा त्यात उल्लेख नाही. ‘ह्या एकाच बाबतीत ते पुढं गेले,’ असा शेरा आमच्या हिने स्वयंपाकघरातून मारला आणि मी तो मान खाली घालून वहीत उतरवून घेतला. आणि शेतात, दुकानात, रस्त्यावर कोणीही काम करताना दिसला, ओळखीचा असो नसो, की म्हणायचे, ‘हॉर्मांग!’ थकू नका. कामकऱ्याने उलट म्हणायचे, ‘बॉर बोलिंग’, असेच असा, नांदा. काम न थांबवता चालणारा असा नमस्कार आपल्या शेतीप्रधान भाषेत असू नये, याचे मला राहून राहून नवल वाटते.

इथवर सगळी मौज होती. तिच्यात गांभीर्य आले ते भाचीचे रुग्णालयात जाणे सुरू झाल्यावर. एके सकाळी पन्नाशीची एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, ‘युरागिम सिकिल्याप्ती.’ माझे हृदय आवळते आहे. पोरीच्या पुस्तकात हे लक्षण पहिल्याच पानावर. तिने घाईने नाडी धरली. शेजारची वयस्क परिचारिका हलकेच म्हणाली, ‘हिचा मुलगा कुठे असतो ते विचार.’ मुलगा रशियात कामाला होता आणि तीन आठवडे त्याचा फोन नव्हता. त्या भाषेत हृदय आवळते ते उदास वाटले म्हणजे. मोठ्या डॉक्टरांनी तरीही हृदयाचा आलेख काढून घेतलाच. कारण वाक्प्रचार बोलणाऱ्या माणसालाही खरा हृदयविकार होऊ शकतो! दुसऱ्या एकीने सांगितले, ‘कोंगलिम आयनिदी.’ कोंगिल म्हणजे मन, अंतःकरण, ते बिघडले. आता ही दुःखी असणार, असे कोणालाही वाटेल. तर तिला फक्त मळमळत होते. म्हणजे हृदयाचे नाव घेतले की दुखणे मनाचे, आणि मनाचे नाव घेतले की दुखणे पोटाचे!

त्या रात्री भाची फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मामा, मी शिकून परत आले, इथली परीक्षा देऊन आपल्याकडे दवाखान्यात बसले, आणि एखादी म्हातारी म्हणाली, पोटात खड्डा पडला, तर मला कळेल का? मी तर दहावीपर्यंत इंग्रजी शाळेत होते.’ प्रश्न मोठा होता. आपल्या खेड्यातला रोगी ‘जीव घाबरा होतोय’ म्हणतो, ‘अंगात कणकण आहे’ म्हणतो, ‘काळीज धडधडतंय’, ‘तोंडचं पाणी पळालं’, ‘हातपाय गळाले’ म्हणतो. यातले भीतीचे कोणते, तापाचे कोणते आणि खरोखर हृदयाचे कोणते, हे ज्याला उमगत नाही त्याने मोठी यंत्रे पुढे मांडली तरी अर्धा रोग बाहेरच राहतो. त्या दिवसापासून वहीची दिशा पालटली. आता मराठी बोल पहिल्या रकान्यात आले. आई सांगे आणि समरकंदात बसून नात लिहून घेई. ज्या भाषेचे चार गुण मी मुलांना वाटीत आलो, तिची खरी परीक्षा खाटेवर होणार आहे, हे मला एका वैद्यकाच्या विद्यार्थिनीने सांगितले.

ती ज्या घरी भाड्याने राहते तिथल्या आजीबाई म्हणींची पेटीच आहेत. पाहुण्याच्या पियॉल्यात त्या चहा अगदी थोडा ओततात. पेला काठोकाठ भरला तर ‘आता उठा’ असा अर्थ होतो. थोडा ओतायचा म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, आणि माणूस बसून राहतो. (आमच्या घरी असा चहा दिला तर पाहुणा भिंतीवर चढवून सांगेल, हे आईचे मत.) या आजीबाई आयुष्यभर सिरिलिक लिपी वाचत आल्या, कारण १९४० पासून उझबेक त्या लिपीत लिहिली जाऊ लागली. त्याआधी काही वर्षे रोमन, त्याआधी अरबी. १९९३ मध्ये पुन्हा रोमनचा कायदा झाला. म्हणजे आजीने लिहिलेली चिठ्ठी नात अडखळत वाचते. हे ऐकून मला आमचे घर आठवले. पणजोबा मोडीत हिशेब लिहीत. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले तोवर त्यांची सही उर्दूच होती. वडील बाळबोधात शिकले आणि भाची इंग्रजीत. चार पिढ्या, चार लिप्या. गावाचे नावसुद्धा उस्मानाबादचे २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले. पण ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे चौघांनीही एकाच तोंडाने म्हटले असणार. समरकंदच्या आजीबाईंचीही तीच म्हण आहे, ‘तॉमा तॉमा कोल बोलुर’, थेंबाथेंबाने तळे होते. तिचा पुढचा भाग मात्र आपल्याकडे नाही. थेंब पडायचे थांबले, तर वाळवंट होते. अवर्षणाच्या आमच्या मुलखात ही पुढची ओळ आपण कशी विसरलो कोण जाणे!

याच आजीबाईंनी एकदा नातीच्या लग्नाचा खर्च काढताना एक म्हण टाकली. ‘कोर्पांग्गा कराब ऑयॉक उझात.’ आपली कोर्पा पाहून पाय लांब कर. कोर्पा म्हणजे कापूस भरून शिवलेली रजई. भाचीने ती मला सांगितली आणि लगेच म्हणाली, ‘हिचं मराठी मला माहीत आहे, मामा. आजीला नका विचारू.’ तिला ते कसे माहीत नसणार? दाजींनी जमीन विकली त्या दिवसापासून भावकीने, पाहुण्यांनी, पारावरच्या रिकाम्या माणसांनी त्या घराला दुसरी म्हण ऐकवली नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावे. पोरीला डॉक्टर करायला निघालेत! आणि तेही परदेशात! दाजी ऐकून घेत. ही म्हण मी वहीत लिहिली, तिसरा रकाना कोरा ठेवला, आणि गावाकडे तिचा उल्लेख केला नाही.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. त्या महिन्यात मराठवाड्यावर पाऊस कसा कोसळला हे वाचकांच्या स्मरणात असेल. ज्या जिल्ह्याने टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे काढले, त्याच जिल्ह्यात भूम-परंड्याकडे माणसांना पुरातून काढावे लागले. दाजींचे सोयाबीन काढणीला आले होते. मांजरेचे पाणी शेतात शिरले, बांध फुटला, काही ठिकाणी मातीच वाहून गेली. आणि समरकंदचा फीचा हप्ता पुढच्याच महिन्यात. भाचीला ही बातमी मीच दिली. ती थोडा वेळ बोलली नाही. मग तिने उझबेकमध्येच एक वाक्य म्हटले, ‘ऑगझी ऑशगा येतगांदा बुर्नी कॉनादी.’ तोंड घासापाशी पोचले आणि नाकातून रक्त आले. मी मराठी सांगितले नाही. हातातोंडाशी आलेला घास, इतके शब्द मनात आले आणि घशात राहिले. त्या रात्री मला एक गोष्ट कळली. परक्या भाषेतला वाक्प्रचार माणूस जेव्हा अर्थ न सांगता वापरतो, तेव्हा तो ती भाषा शिकलेला असतो. आणि कधीकधी तो ती वापरतो ते एवढ्याचसाठी की आपल्या भाषेत तेच म्हटले तर रडू येईल.

भाऊबिजेला ताई आणि दाजी आमच्याकडे आले. यंदा फराळ बेताचाच होता. आईने मात्र अनारसे केले होते. ओवाळणी झाल्यावर दाजी टेबलावरची वही उगाच चाळू लागले आणि नेमके त्याच पानावर थांबले. दुसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘आपली रजई पाहून पाय लांब कर.’ ताईने माझ्याकडे पाहिले. दाजींनी विचारले,

‘हे तिकडं बी म्हणतेत का?’

‘हो.’

‘मग तिकडं बी आमची भावकीच राहायली म्हणायची!’

सगळे हसले, दाजीही हसले. पण हसणे लवकर संपले. तेव्हा आई बोलली. म्हणी तिच्या जिभेवर असतात म्हणून तिला म्हणींचा धाक नाही. ती म्हणाली, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरंय. पण अंथरूण काय देवानं विणून पाठवलेलं असतं का? गोधडी बाईच शिवती. लेकरू लांबलं की मी खालून एक पट्टी जोडायची. जुन्या लुगड्याचं एक पदर घातलं की वीतभर वाढती.’ ताईला तिने तिच्या लहानपणीची गोधडी आठवून दिली. तिला तीनदा पट्टी जोडली होती म्हणे. तेवढ्यात समरकंदहून फोन आला. आजीने नातीला सरळ विचारले, ‘तुमच्या त्या कोर्पाला ठिगळ जोडतेत का गं?’ पोरगी म्हणाली, ‘जोडतात तर! तुकडे जोडून शिवतात, त्याला कुरॉक म्हणतात. लेकीच्या लग्नात देतात.’ दाजी इतका वेळ गप्प होते. फोन हातात घेऊन ते म्हणाले, ‘तू अभ्यास कर. पाय तुझे वाढायलेत, पट्टी आम्ही बघतो.’

तो हप्ता कसा भरला, हे मी इथे सांगत नाही. आपल्या घरांतून असे हप्ते कसे भरले जातात, कोणाच्या पाटल्या कोणत्या कपाटात जातात आणि कोण कोणाला ‘सावकाश द्या हो’ म्हणतो, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तिचे शिक्षण अजून संपलेले नाही आणि दाजींचे कर्जही. पुढे परत येऊन इथली परीक्षा आहेच. समरकंदच्या आजीबाईंनी तिला सांगितले आहे, ‘सब्रनिंग तागी सारिक ऑलतिन’, सब्रच्या तळाशी पिवळे सोने असते. आपली सबुरी ती हीच. सोने निघेलच असे कुठलीही म्हण लेखी देत नाही. म्हणी लिहून देणाऱ्या नसतातच, त्या बोलून सोबत करणाऱ्या असतात. आणि एकच म्हण कुणाच्या तोंडी टोमणा होते, कुणाच्या तोंडी शहाणपण, आणि माझ्या आईसारखीच्या तोंडी सुईदोरा. ती कोणाच्या तोंडून आली हे पाहावे लागते. कोशात ते लिहिलेले नसते.

आता ‘उपयोग काय?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकतो. जानेवारीत मी कळंबकडे गेलो होतो. ज्वारी पोटऱ्यात आली होती. पुराने उकरलेल्या पट्ट्यात मात्र काळी माती टाकून दाजी आणि दोन गडी बांध पुन्हा रचीत होते. मी वाटेवरून ओरडलो, ‘हॉर्मांग!’

गडी चमकून पाहू लागले. दाजींनी कुदळ थांबवली नाही की मान वर केली नाही. एक घाव घातला आणि आपल्या खणखणीत कळंबी आवाजात त्यांनी उत्तर दिले,

‘बॉर बोलिंग, बॉर बोलिंग! या, बांधावर बसा. चहा येऊ लागलाय.’